श्रद्धाळू मूल आणि आज्ञाधारक मूल

केरळमधील कोट्टायम जिल्ह्यातल्या किडंगूर गावी जुलै १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. थोरला मुलगा दहावीत होता, एक बहीण नववीत आणि धाकटी पाचवीत. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातले हे कुटुंब. सकाळी शाळा भरताना राष्ट्रगीत सुरू झाले की ही मुले इतरांबरोबर सावधान उभी राहत, पण गात नसत. आपली प्रार्थना फक्त देवासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. कित्येक वर्षे हे असेच चालले होते आणि कुणाची त्याला हरकत नव्हती. मग एका आमदारांच्या ते नजरेस आले, विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, चौकशी आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा कसलाही अवमान केलेला नाही, असे आयोगाने कळवले. तरीही शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेबाहेर काढले. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला, कुणाच्या धर्मभावनेला धक्का लागावा असे त्यात काही नाही असा निर्वाळा दिला आणि मुलांची मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात मात्र ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी निकाल फिरवला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, आदराने उभे राहणे हाही सन्मानच आहे, आणि गीताच्या शब्दांत आक्षेपार्ह काही आहे की नाही हा प्रश्नच नव्हे, मुलांची श्रद्धा मनापासूनची आहे की नाही एवढेच पाहायचे, असे त्या निकालाचे म्हणणे होते.

या खटल्याची चर्चा आपल्याकडे राष्ट्रप्रेमाच्या अंगाने पुष्कळ झाली. त्यात दडलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. शाळेत मोठ्यांचे न ऐकणारा दहावीतला मुलगा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उनाड, उद्धट, देवाधर्माचे काही न मानणारे पोर येते. इथे न ऐकणारा मुलगा वर्गातल्या सर्वांत श्रद्धाळू मुलांपैकी होता, आणि श्रद्धाळू होता म्हणूनच ऐकत नव्हता. आपल्या एका पक्क्या समजुतीत हे बसत नाही. मुलांना धर्माचे वळण लावले की ती मोठ्यांच्या धाकात राहतात, शिस्त अंगी बाणते, असे मानणारे पालक आणि संस्थाचालक गावोगाव आहेत. शाळेत धार्मिक शिक्षण हवे या मागणीमागे बहुतेक वेळा देवाची ओढ कमी आणि मुले हाताबाहेर चालल्याची धास्ती जास्त असते. पलीकडच्या बाजूला धर्मावर टीका करणारे आहेत. धर्म मुलांना प्रश्न विचारायला शिकवत नाही, मान तुकवायला शिकवतो, म्हणून त्याला शाळेच्या आवारापासून लांब ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंचे भांडण जुने असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे: श्रद्धा वाढली की आज्ञाधारकपणा वाढतो. एकाला ते हवेसे वाटते, दुसऱ्याला नकोसे. माझे म्हणणे असे की हे गृहीतकच चुकीचे आहे. किशोरवयीन मुलाची श्रद्धा आणि त्याचा आज्ञाधारकपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत मिसळतात तेव्हा मिसळणारा कुणीतरी तिसरा असतो, आणि आपण नजर ठेवायची ती त्या तिसऱ्यावर.

श्रद्धा आणि आज्ञा यांच्या नात्याचा प्रश्न प्राचीन आहे. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो, देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? तत्त्वज्ञांनी दोन हजार वर्षे त्यावर वाद घातला. लॅरी नुची आणि एलियट ट्युरिएल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोच प्रश्न धार्मिक घरांतल्या मुलांनाच विचारून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी निवडलेली मुले साधारण दहा ते सतरा वर्षांची होती. काही अत्यंत कर्मठ अशा आमिश-मेनोनाइट समाजातली, काही ज्यू कुटुंबांतली. संशोधकांनी त्यांना दोन तऱ्हेच्या नियमांविषयी विचारले. एक रविवारी काम न करण्यासारखा, म्हणजे विधिनियम. दुसरा चोरी न करण्याचा, दुसऱ्याला इजा न करण्याचा. देवाने रविवारबद्दल काही सांगितलेच नसते तर त्या दिवशी काम केलेले चालले असते का? आमिश मुलांपैकी जवळजवळ सगळी म्हणाली, हो, चालले असते. म्हणजे तो नियम देवाच्या शब्दावर उभा आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. मग पुढचा प्रश्न: देवानेच चोरी करायची आज्ञा दिली असती तर चोरी करणे योग्य ठरले असते का? बहुसंख्य मुलांनी ठाम नकार दिला. त्यांचा विचार असा की देव असे सांगणारच नाही, आणि सांगितलेच तरी चोरी चांगली ठरत नाही. बाहेरच्या जगापासून अंतर राखून राहणाऱ्या, धर्मनियमांच्या चौकटीत वाढलेल्या मुलांचे हे उत्तर आहे. त्यांच्या मनात देवाच्या आज्ञेपेक्षा देवाचे चांगुलपण आधी येते. आज्ञा त्या चांगुलपणाच्या कसोटीवर घासून पाहिली जाते. श्रद्धेमुळे मुलांची विवेकबुद्धी झोपी जाते असे म्हणणाऱ्यांना, आणि श्रद्धा असली की सांगितले ते मुकाट ऐकले जाते अशी आशा धरणाऱ्यांनाही, या उत्तराचा विचार करावा लागेल.

आणखी एका छोट्या प्रयोगाकडेही बोट दाखवता येते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक आहे. अधिकारी व्यक्तीने सांगितले म्हणून माणसे समोरच्या निरपराध माणसाला विजेचे झटके द्यायला तयार होतात का, हे त्यात पाहिले होते. झटके खोटे होते, पण ते देणाऱ्याला खरे वाटत होते. तीच पद्धत वापरून डेव्हिड बॉक आणि नील वॉरन यांनी १९७२ मध्ये विद्यार्थ्यांच्या धर्मश्रद्धेचा आज्ञापालनाशी संबंध तपासला. सर्वांत जास्त आज्ञापालन केले ते मधल्यांनी, म्हणजे ज्यांचे धर्माबद्दल धड हो नाही की धड नाही नाही अशांनी. दोन्ही टोकांचे विद्यार्थी, गाढ श्रद्धा असलेले आणि पक्के अश्रद्ध, त्या मानाने कमी वाकले. प्रयोग लहान होता, विद्यार्थी महाविद्यालयातले होते, त्याच्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. पण ज्याच्या पायाखाली काहीतरी पक्के आहे त्याला समोरच्या अधिकाऱ्याचा हुकूम अंतिम वाटत नाही, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो, मग ते पक्के म्हणजे देव असो वा देव नसल्याची खात्री असो.

महाराष्ट्राला याचा पुरावा परक्या देशातून मागवण्याची गरज नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली कोवळ्या वयाची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. शाळकरी मुलीने लिहिलेल्या त्या मजकुरात तिच्या लोकांवर झालेल्या अत्याचारांची वर्णने आहेत. इमारतीच्या पायात जिवंत पुरलेली माणसे आहेत, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायका आहेत. पण सगळ्यांत धारदार आहे ती तिची धर्मावरची मांडणी. वेद ब्राह्मणांचे आणि आम्ही ते पाहायचेही नाहीत, तर मग आमच्याकडे धर्मग्रंथच नाही हे उघड झाले, असे ती म्हणते. आणि यापुढे ती जे करते ते मला फार मोलाचे वाटते. ती देवाकडे पाठ फिरवत नाही. ती थेट देवालाच हाक मारून विचारते की आमचा धर्म कोणता ते तूच आम्हाला कळव. मधल्या सगळ्या अधिकाऱ्यांना, ग्रंथ मुठीत धरून बसलेल्यांना बाजूला सारून तिने प्रश्न वरच्या दाराशी नेला. त्या काळच्या धर्मसत्तेची तिने केलेली अवज्ञा श्रद्धेच्या भाषेतच झाली, आणि ती भाषा हाती होती म्हणूनच तिला इतके उंच उभे राहता आले. जगाचा कर्ता न्यायी आहे या विश्वासाशिवाय त्या अन्यायाचा जाब ती कुणाला विचारणार होती?

आपल्या परंपरेतल्या कथाही, लक्ष देऊन पाहिल्या तर, हेच सांगतात. कठोपनिषदातला नचिकेता बापाने भाकड गायी दान दिलेल्या पाहतो आणि गप्प बसत नाही, बाप चिडेपर्यंत विचारत राहतो. प्रह्लाद तर गुरूचेही ऐकत नाही आणि राजा असलेल्या बापाचेही नाही. त्याची सगळी गोष्टच शाळेत घडणाऱ्या अवज्ञेची आहे, गुरूंनी शिकवलेले सोडून तो सोबतच्या मुलांना वेगळेच काही शिकवतो. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात त्यात आई, वडील आणि गुरू यांना देवासमान मानायला सांगितले आहे. ते वाक्य आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. त्याच्याच पुढे आचार्य शिष्याला सांगतात की आमची जी कृत्ये निर्दोष असतील तीच उचल, बाकीची नको. हा भाग भिंतीवर क्वचितच येतो. बापाने सांगितले म्हणून आईचे, रेणुकेचे, शिर उडवणाऱ्या परशुरामाची गोष्टही आपल्याकडेच आहे, आणि तिच्यात थोरल्या भावांनी तीच आज्ञा नाकारली होती, त्यासाठी बापाचा शाप सोसला होता. पण त्या भावांची नावे किती घरांत माहीत असतात? माहूरच्या गडावर लोक आजही जातात ते रेणुकेच्या पाया पडायला. ज्याने आज्ञा पाळली त्याच्यापेक्षा जिचा बळी गेला तिला देवपण देणाऱ्या लोकमानसाने आपला कौल कधीच दिला आहे, असे मला वाटते. आणि ज्ञानेश्वर? परंपरेप्रमाणे गीतेवरची टीका पुरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, तेव्हा त्यांचे वय पंधरा-सोळा होते. संन्याशाची मुले म्हणून धर्माधिकाऱ्यांनी दूर लोटलेल्या चार भावंडांपैकी हा एक. ज्या भाषेत ते तत्त्वज्ञान सांगण्याची प्रथा नव्हती त्या भाषेत त्याने ते सांगितले. मराठी माणसाच्या श्रद्धेचा पायाच एका किशोराने घातलेला आहे, आणि तोही धर्मसत्तेच्या कौलाची वाट न पाहता.

मग श्रद्धाळू किशोर आंधळेपणाने आज्ञा पाळताना दिसतात ते कुठून येते? ते दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. एरिक एरिक्सन यांनी या वयाची मूळ गरज ओळखली होती: निष्ठा वाहता येईल असे काहीतरी मुलाला हवे असते. आपण कोण याचे उत्तर शोधताना ते कशाशी तरी स्वतःला बांधून घेऊ पाहते. जेम्स फाउलर यांनी श्रद्धेच्या टप्प्यांचा अभ्यास १९८१ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यात किशोरवयाबद्दल ते सांगतात की या वयातली श्रद्धा उत्कट असते, पण बरीचशी आपल्या माणसांच्या नजरेतून घडलेली असते. ती तपासून पाहण्याचे काम पुढे, कधी कधी खूप उशिरा होते. म्हणजे ओढ मुलाची स्वतःची, पण ती कुठे वाहायची हे बऱ्याचदा दुसरा ठरवतो. ही ओढ धर्माने निर्माण केलेली नाही. नाझी राजवटीने जर्मनीतली लाखो मुले हिटलर युथ या संघटनेत आणली तेव्हा हीच ओढ राष्ट्र आणि नेता यांच्या पायी वाहिली गेली. तिथे चर्चच्या युवक मंडळांकडे तर प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले जात होते. मुलाच्या मनातल्या या जागेवर जो कुणी स्वतःची खुर्ची मांडतो, ‘तुला देवाकडे जायचे तर माझ्यामार्फत’ असे म्हणतो, त्याच्यामुळे श्रद्धेचे रूपांतर आज्ञापालनात होते. मी वर ज्याला तिसरा म्हटले तो हा.

हा तिसरा काय करू शकतो, ते जोधपूरच्या विशेष न्यायालयाने २५ एप्रिल २०१८ रोजी दिलेल्या निकालात दिसते. अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल आसाराम बापू या आध्यात्मिक गुरूला त्या दिवशी जन्मठेप झाली. पीडित मुलगी त्याच्याच संस्थेच्या छिंदवाड्यातल्या निवासी गुरुकुलात शिकणारी, सोळा वर्षांची. कुटुंब त्याचे भक्त. मुलीला बाधा झाली आहे, बापूच ती दूर करतील असे सांगून तिला ऑगस्ट २०१३ मध्ये जोधपूरजवळच्या आश्रमात आणायला लावले गेले. या प्रकरणानंतर अनेकांनी दोष श्रद्धेला दिला. पण नीट पाहिले तर दिसते ते असे की शाळा, गुरुपद आणि देवाकडे जाण्याचा रस्ता या तिन्हींची किल्ली एकाच माणसाच्या हातात होती, आणि त्याला प्रश्न विचारण्याची सोय मुलीला नव्हती, तिच्या आईवडिलांनाही नव्हती. अशा कोंडीतून ती मुलगी बोलली. घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि ज्याची पूजा केली त्याच्याविरुद्ध पोलिसांत गेले. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले, तरी ते कुटुंब मागे हटले नाही. माझ्या मते या प्रकरणात धर्माचरण कुणी केले असेल तर त्या मुलीने.

आता या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप. किडंगूरच्या मुलांनी मुख्याध्यापिकांचे ऐकले नाही हे खरे, पण त्यांनी वडिलांचे आणि आपल्या पंथाचे ऐकलेच ना? एक अधिकार नाकारून दुसरा मान्य केला, यात स्वतंत्र विवेक कुठे आला? आक्षेपात तथ्य आहे. पाचवीतल्या मुलीने तो सिद्धांत स्वतः पारखला होता असे कुणी म्हणणार नाही. अमेरिकेत याच पंथाच्या मुलांनी ध्वजवंदन नाकारले होते. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या बाजूने कौल दिला आणि तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, तो स्वतःच उलटवला. त्यांतल्या पहिल्या खटल्यातला दहा वर्षांचा विल्यम गोबायटस याने १९३५ साली शाळेच्या संचालकांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून आपली कारणे सांगितली होती. ते पत्र बायबलच्या आधाराने लिहिलेले आहे आणि घरी ऐकलेल्या गोष्टींची छाप त्यावर आहे. असणारच. कुठलाही विवेक हवेत उगवत नाही, तो कुणीतरी दिलेल्या भाषेतच बोलू लागतो. प्रश्न असा आहे की ती भाषा देणाऱ्याच्याच विरुद्ध मुलाला ती कधी वापरता येते का.

येते, याचा पुरावा हेल्मुट ह्यूबनर. हॅम्बुर्गमधला हा मुलगा मॉर्मन चर्चमध्ये वाढला आणि सरकारी कचेरीत उमेदवारी करत होता. दुसऱ्या महायुद्धात तो चोरून बीबीसी ऐके आणि हिटलरचा खोटेपणा उघड करणारी पत्रके टाइप करून वाटे. त्याचे साथीदार कार्ल-हाइन्त्स श्निबे आणि रुडी व्होबे हे त्याच्याच चर्चमधले मित्र. या मॉर्मन पंथाच्या श्रद्धासूत्रांत राजे, राष्ट्राध्यक्ष आणि शासक यांच्या अधीन राहण्याचे कलम आहे. त्याच्या स्थानिक मंडळाचा प्रमुख नाझी पक्षाचा सदस्य होता आणि तिथे ज्यूंना मज्जाव करण्यात आला होता. म्हणजे घरचा पंथ, पंथाचे सूत्र आणि देशाची सत्ता हे तिन्ही अधिकार एका बाजूला होते, आणि त्याच पंथाने शिकवलेली सत्याची चाड त्याच्या बाजूला. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याला अटक झाली, लगोलग स्थानिक मंडळाने त्याला पंथातून बहिष्कृत केले, आणि २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. तो सतरा वर्षांचा होता. युद्धानंतर चर्चने त्याचे सदस्यत्व पुन्हा बहाल केले. त्याने कुणाची आज्ञा पाळली? पंथाची नाही, बहुधा त्याला ओळखणाऱ्या कुठल्याच वडीलधाऱ्याची नाही. पण त्याच्या पत्रकांमागची ताकद त्याच्या श्रद्धेतून आली नव्हती असे म्हणायलाही जागा नाही. सगळीच मुले ह्यूबनर होत नाहीत, हेही मान्य. बहुतेक मुले चारचौघांसारखी वागतात, धर्मात असोत वा धर्माबाहेर. माझे म्हणणे एवढेच की श्रद्धा हे त्या वाकण्याचे कारण नाही, आणि काही मुलांच्या बाबतीत ती न वाकण्याचे कारण ठरते.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो हलका मानता येत नाही. ‘देवाची आज्ञा मोठी, माणसाची छोटी’ असे मुलाला शिकवले तर उद्या ते देवाच्या नावावर हातात शस्त्रही घेईल. इराण-इराक युद्धात, १९८० ते १९८८ या काळात, बसीज या स्वयंसेवक दलातून शाळकरी वयाची इराणी मुले आघाडीवर गेली. सुरुंग पेरलेल्या जमिनीवरूनही त्यांना पुढे सोडले गेले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण ही उदाहरणे अवज्ञेची नव्हेत. ती मुले आज्ञाधारकांतली आज्ञाधारक होती, कुणीतरी बोट दाखवले त्या दिशेने चालत गेली. धर्माच्या नावाने हिंसा करणाऱ्या तरुणांकडे पाहिले तर बहुतेकदा त्यांच्या मागे शिकवणारा, निवडणारा, पाठवणारा कुणी असतो. त्याने मुलाला माणसांविरुद्ध बंड करायला शिकवलेले नसते, एका माणसापुढे संपूर्ण वाकायला शिकवलेले असते. असाही एखादा निघेल, ज्याला कुणी पाठवले नाही आणि तरी ज्याने देवाच्या नावाने दुसऱ्याला इजा केली. त्याला कायद्याने अडवलेच पाहिजे. त्यासाठी त्याची श्रद्धा किती खरी हे मोजत बसायचे कारण नाही, त्याच्या कृतीची किंमत कुणी भरली एवढे पाहिले की पुरे. किडंगूरच्या मुलांनी, मुक्ता साळवेने, ह्यूबनरने आपल्या नकाराची किंमत स्वतः मोजली. त्यांच्या नकाराने दुसऱ्या कुणाच्या अंगाला ओरखडा उठला नाही.

राहिला शाळेच्या शिस्तीचा प्रश्न. मुलांना नकाराची मुभा दिली तर शाळा चालणार कशी, असे शिक्षक विचारतील, आणि साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याने ते विचारणे स्वाभाविक आहे. त्यावर ज्युडिथ स्मेटाना यांचे पौगंडावस्थेतील मुलांवरचे काम उपयोगी पडते. मुले मोठ्यांचा अधिकार सरसकट झुगारत नाहीत, असे त्यात दिसून आले. दुसऱ्याला इजा करू नये, सर्वांसाठीचे नियम पाळावेत, जिवाला धोका होईल असे काही करू नये, या बाबतीत मोठ्यांनी सांगणे त्यांना रास्त वाटते. जे आपले खाजगी आहे असे त्यांना वाटते त्या हद्दीत शिरले की ती अडतात. वेळेवर येणे, गणवेश, वर्गात गोंधळ न करणे हे सगळे पहिल्या प्रकारात मोडते. हात जोडायचे की नाही, डोळे मिटायचे की नाही, मनात काय म्हणायचे, हे दुसऱ्या प्रकारात. शाळा या दोहोंची गल्लत करते तेव्हा दोन्हीकडचा अधिकार गमावते. नाशिकमधल्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडून उभे राहायला नकार दिला होता. तशी सक्ती करता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या बाजूने दिला. शिक्षक प्रौढ होता, त्याला न्यायालयापर्यंत जाता आले. त्याच्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या नववीतल्या मुलाला तशीच अडचण असेल तर त्याने कुठे जायचे?

आपल्या संविधानाने याचे उत्तर दिले आहे, पण अपुरे. अनुच्छेद २८(३) प्रमाणे राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. मात्र विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकाने द्यायची. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीच्या हात जोडण्याची परवानगी तिच्या वडिलांच्या सहीने मिळते, तिचे मत विचारलेच जात नाही. अमेरिकेत आमिश पालकांच्या १९७२ च्या खटल्यात, मुलांना आठवीनंतर शाळेत न पाठवण्याचा त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला तेव्हा, न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी नेमकी हीच हरकत घेतली होती. ज्या तीन मुलांचे भवितव्य ठरत होते त्यांपैकी एकीचीच साक्ष झाली होती. उरलेल्या दोघांना काय हवे ते त्यांना विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १४ व्या कलमात विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलाचे मानले आहे. पालकांनी वाट दाखवायची ती त्याच्या वाढत्या समजेला धरून. आपल्या शाळांना यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहायचे असेल तर आठवीच्या पुढच्या मुलाने ते स्वतः सांगावे, कारण सांगितले तर ऐकून घ्यावे, नाही सांगितले तर खोदून विचारू नये. अश्रद्ध घरातल्या मुलाला प्रार्थना म्हणावीशी वाटली तर त्यालाही ती तितक्याच मोकळेपणाने म्हणू द्यावी. आणि यांपैकी कशासाठीही त्याला घरून सही आणायला लावू नये.